पाहुणे, पंचांग आणि बामणघळ

पुतणीचं लग्न ठरलं आणि भावाने कामं वाटून दिली. आचारी त्याच्याकडे, मांडव धाकट्याकडे, आणि माझ्याकडे "पाहुण्यांना जरा फिरवून आण." त्या 'जरा'वर विसंबून मी हो म्हटलं. मुलाकडची ४० माणसं नागपूरहून येणार होती. लग्न गुहागरला, आमच्याच अंगणात, ऐन मे महिन्यात. नागपूर ते मुंबई रेल्वे, तिथून कोकण रेल्वेने चिपळूण, पुढे साधारण ४५ किलोमीटर वळणावळणाचा रस्ता. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना तीन दिवस नुसतं मांडवात बसवून ठेवायचं का, हे भावाचं म्हणणं खरंच होतं.

मी वहीत यादी केली. गावातला व्याडेश्वर, वरच्या पाटातली दुर्गादेवी, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती आणि तिथली बामणघळ, अंजनवेलचा गोपाळगड, फेरीबोटीने दाभोळ. वेळा घातल्या, गाडी ठरवली, नाश्त्याचे डबेही मोजले. ३० वर्षं चिपळुणात शिक्षिका होते, वेळापत्रक करणं हा हातचा मळ. फक्त शाळेच्या वेळापत्रकात समुद्र नसतो.

पाहुणे वद्य प्रतिपदेला संध्याकाळी आले. द्वितीयेला सकाळी साडेसहाला सतरा आसनी गाडी दारात उभी. ऊन चढायच्या आत हेदवी उरकायची, असा माझा हिशोब. पहिली खोट तिथेच निघाली. चालक घाटमाथ्यावरचा होता. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असलेल्या अरुंद गल्लीत त्याने गाडी घातली आणि समोरून एसटी आली. एसटीवाल्याने शांतपणे हात बाहेर काढून 'मागे घे' अशी खूण केली. मागे घेता घेता आमचा डावा आरसा गडग्याला घासला. मागच्या सीटवर दोघांना मळमळत होतं, त्यांना मी आवळासुपारी वाटत होते. विहीणबाई मात्र खिडकीतून फणस मोजत होत्या. "एवढे खालीच लागतात का हो?" त्यांनी विचारलं. झाडाच्या पार बुंध्याशी लोंबणारा फणस त्यांनी कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवसाचं सगळ्यांत यशस्वी प्रेक्षणीय स्थळ तेच ठरलं.

गणपतीचं दर्शन छान झालं. मग समुद्राकाठी आलो, उमामहेश्वराच्या देवळापासून खडकांवरून बामणघळीपर्यंत गेलो. वाटभर मी वर्णन करत होते: खडकाला उभी चीर आहे, लाट आत शिरते, तिला पुढे जायला जागा नसते, मग पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. पोचलो तर समोर चीर होती, फक्त चीर. खाली कुठेतरी पाणी डुचमळल्याचा आवाज. सगळे वाकून बघत होते आणि मी त्यांच्याकडे. नागपूरकर बोलायला फटकळ असतात म्हणतात, पण व्याही कमालीचे सभ्य निघाले. "दगड मोठा छान आहे जी," ते म्हणाले.

जवळच एक म्हातारे खारवी जाळं शिवत बसले होते. त्यांनी सुईवरची नजर न काढता विचारलं, "बाय, आज तिथी कंची?"

"द्वितीया."

"मग भरती दीडाला. आता सुकती हाय."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत असायला हवं होतं. लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं, चिपळूणच्या खाडीत बुडवून टाकलेलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. अर्धा तास इकडे-तिकडे धरायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, त्यातही नंतरचे एक-दोन दिवस जोर जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे मिळमिळीत. मुहूर्त काढायला आणलेलं पंचांग घरी देव्हाऱ्याशेजारी पडलं होतं आणि मी मात्र घड्याळ लावून निघाले होते.

रात्री जेवणं झाल्यावर वहीतलं जुनं पान फाडलं आणि पंचांग घेऊन बसले. जिथे लाट बघायची ते भरतीला. जिथे वाळूत चालायचं, पोरांना शिंपले वेचायचे, ते ओहोटीला. किल्ला आणि देवळं मधल्या वेळात, कारण ती कुठे जात नाहीत. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, त्या दिवशी गणपतीच्या देवळांकडे फिरकायचं नाही. शिवाय संध्याकाळी सीमांतपूजन. पंचमीला लग्न. हे सगळं लिहून काढल्यावर कळलं की सातातली चार ठिकाणं पुरेत.

तृतीयेला सकाळी गोपाळगड. वाशिष्ठीच्या मुखावर बसलेला, जमिनीच्या अंगाला खोल खंदक असलेला किल्ला. सिद्दीकडून तो तुळाजी आंग्र्यांनी घेतला आणि गोपाळगड हे नाव दिलं. तटावरून खाडी आणि समुद्र एकत्र दिसतात. पण पाहुण्यांच्या नजरा भलतीकडे. "एन्रॉन एन्रॉन म्हणायचे ते हेच का?" वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचलेला वीजप्रकल्प प्रत्यक्ष दिसल्यावर व्याही इतके खूश झाले की किल्ला राहिला बाजूला. मी टोकलं नाही. ज्याला जे बघायचं ते बघू द्यावं, यजमानाने इतिहासाचा तास घेऊ नये.

जेवून दुपारी पुन्हा हेदवी. या वेळी लहान गाड्या केल्या, गावच्याच चालकांच्या. तृतीया, म्हणजे सव्वादोनची भरती. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, बरोबर आले फक्त अकरा जण, पण त्यांत नवऱ्यामुलाची ८० वर्षांची आजी. नको म्हटलं तरी ऐकेनात. दोघा नातवांनी हात धरून त्यांना खडकावर आणलं. घळीच्या तोंडापासून लांबच उभं राहायचं, ओल्या खडकावर पाय ठेवायचा नाही, हे मी शाळेच्या सहलीच्या आवाजात बजावलं. सांगतात की कोणी एक ब्राह्मण या घळीत पडून गेला, म्हणून बामणघळ. नावच पुरेसं आहे.

दोन-तीन लाटा नुसत्या गुरगुरल्या. मग एक मोठी आली. आधी खडकाच्या पोटात धप्प असा आवाज, पायांना जाणवणारा, आणि मागोमाग पांढरा खांब सरळ वर. वरच्या वर फुटला आणि खारट तुषार आमच्या चष्म्यांवर. पोरं किंचाळली. आजींनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हे त बोअरले पाणी लागल्यासारखं दिसून राह्यलं!"

इतकी अचूक उपमा समुद्राकाठी जन्म काढूनही मला सुचली नव्हती. आजींच्या शेतात तीन बोअर कोरड्या गेल्या होत्या, चौथीला पाणी लागलं, हे त्यांनी मग तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मधेमधे पाणी उसळत होतंच. परत निघेपर्यंत तीन वाजून गेले.

लग्न व्यवस्थित झालं, त्याबद्दल वेगळं काही लिहिण्यासारखं नाही. सोलकढी कमी पडली आणि नागपूरकरांना आमटी गोड लागली, एवढंच.

षष्ठीला सकाळी निघताना त्यांना दापोलीमार्गे जायचं होतं, म्हणून मी धोपाव्यापर्यंत सोडायला गेले आणि बोटीवरही चढले. पलीकडे दाभोळला चंडिकादेवीचं दर्शन घ्यायला सांगितलं होतं. गुहेतलं देऊळ आहे, समयांच्या उजेडात देवी दिसते, डोळे सरावेपर्यंत दारातच थांबायचं. बोटीवर गाड्यांच्या मधल्या जागेत आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. खाडीच्या पाण्याकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"आज साडेचारले," त्या म्हणाल्या.

पलीकडे उतरल्यावर त्यांनी पिशवीतून संत्रावडीचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला. मी त्याच बोटीने परत आले.