भोरडीचे सहा-सात

आज राखणीला मुद्दाम मीच गेलो. घरी थांबलो असतो तर मोबाईलवर पुन्हा तोच फोटो बघत बसलो असतो. सगळं गणगोत आहे त्यात, परवापर्यंत ज्यांची बोलचाल बंद होती तेही पुढच्या रांगेत. मी तेव्हा पंगतीत वरण वाढत होतो. फोटोचं एक वेळ सोडा, पण "तू राहिलास की रे" असं अजून कुणाच्या तोंडून निघालेलं नाही.

ज्वारी चिकात आलीय, त्यामुळं भोरड्यांना, ह्या मैनेच्या भावकीतल्या पाखरांना, दुसरं काही सुचत नाही. उन्हं वर यायच्या आत बाभळीवरून थवा उठला. वळला की काळाभोर, परत वळला की त्यातून पोटांचा गुलाबी रंग चमकायचा. माझ्या गोफणीतला खडा गोफणीतच. त्यातल्या एकीला काय वाटत असेल? एवढ्या गर्दीत एकटं पडायची सोयच नाही. हेवा वाटला, खरं सांगतो.

मग वाचलेलं आठवलं. रोममध्ये रेल्वे स्टेशनाजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवरून इटलीच्या शास्त्रज्ञांनी भोरडीच्या युरोपातल्या भावकीचे थवे कॅमेऱ्यात टिपले होते. पुढं २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी त्यांच्यातच. २००८ साली त्यांनी मांडलं, की थव्यातला पक्षी जवळच्या सहा-सात जणांचंच भान ठेवतो, मग थवा दाट असो की विरळ.

म्हणजे थवा दिसतो तो मला, बांधावरून. आतलीला कुठला थवा! तिला डावीकडची, उजवीकडची, वरची, खालची, संपलं. त्याही बदलत राहणार. एक बाजूला झाली की दुसरी तिथं येते आणि सहा-सात पुन्हा भरतात. गेलेलीची आठवण कुणाला होत असेल का? फोटोत माझ्या जागी पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर उभा आहे. हसतोय पण छान.

"दादा, पाखरं राखायलात का मोजायलात?" बाळू पलीकडून ओरडला. तोवर बांधाकडच्या दोन ओळींतली कणसं टिपून झाली होती. चीनमध्ये शिनजियांगला ह्याच भोरड्यांसाठी मुद्दाम घरटी बांधून ठेवतात, तिथं त्या टोळ खातात म्हणून. ह्यांचंही कौतुक परगावीच.

येताना माझे सहा-सात कोण ते मोजलं. माय, विमल, बाळू. चौथा टपरीवाला, तोही उधारी आहे तोवर. अण्णांना धरावं का? राहू दे. शास्त्रज्ञांचा आकडा गाठायला निदान दोघं कमी पडतात.

विमलला सांगितलं तर म्हणाली, "मला दोनदा धरा. कामं तर तितकीच करते."