राहुटीतली ओवी

पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा. दिवे घाट चढून पोचलो तेव्हा माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते. रात्री राहुटीत शेजारच्या आक्कांनी काही न विचारता माझा पाय मांडीवर ओढला आणि तेल चोळायला घेतलं. हात गोल गोल फिरत होता. त्या फिरण्यातच ओवी कधी सुरू झाली, कळलं नाही.

दिवसभर टाळमृदंगावर अभंग ऐकत चालले होते. हे निराळं होतं, अगदी हळू आवाजातलं. जनीबरोबर विठ्ठल दळायला बसतो आणि इकडं रुक्मिणी रुसते, अशी ओवी. आक्का मध्येच थांबल्या.

"रुसंल न्हाई तर काय? नवरा दुसरीच्या घरी दळाय बसला, तर कोण न्हाई रुसणार?"

देवळातली रखुमाई मला पहिल्यांदाच एवढी जवळची वाटली.

अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं, 'नामयाची जनी' येतं. जात्यावरच्या ओवीला नाममुद्रा नसते. मी विचारलं, "ही कुणी रचली?"

"रचतंय कोण? खुंटा हातात आला की येती. आता जातं पडलंय गोठ्यात, दळण जातंय गिरणीला. घरात गाऊ कशी? म्हणून वारीत गाते."

माझ्या पोटात कालवलं. हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याचं मोल मला त्या राहुटीत कळलं. त्या ओव्यांत विठ्ठल आहे तसे बाबासाहेबही आहेत. सासुरवास आहे, लेकीची पाठवणी आहे. चारचौघांत तोंडातून निघालं नसतं, ते बायांनी पहाटेच्या अंधारात जात्याला सांगितलं.

"भावाचं नाव सांग गं तुझ्या," आक्का म्हणाल्या. बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्या ओवीत नाव घालायचं होतं.

"मला भाऊ नाही, आक्का."

त्यांचा हात थांबला नाही. पुढच्याच ओळीत विठ्ठल माझा बंधू होऊन पंढरीहून मला न्यायला निघाला. पलीकडं आडव्या झालेल्या दोघीतिघी उठून बसल्या आणि ती ओळ उचलून गाऊ लागल्या.