आपला नंबर येईपर्यंत

बोलिंगला, म्हणजे लांबलचक लेनवरून जड चेंडू ढकलून टोकाच्या दहा पिना पाडायच्या खेळाला, जायचं, यावर आमच्या घरात दोन मिनिटांत एकमत होतं. कुठे जायचं, यावर मात्र दिवाळीचा फराळ संपत आला तरी होत नाही. यंदा नाशिकचे, सांगलीचे आणि आम्ही पुण्याचे असे सगळे जमलो होतो. सहा वर्षांच्या भाचीपासून पंचाहत्तरीच्या मावशीपर्यंत. पत्ते खेळून झाले, किल्ले बघून झाले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घर एकाएकी लहान वाटायला लागलं. भाच्याने फॅमिली ग्रुपवर तीन जागांच्या लिंका टाकल्या आणि खाली मतदान लावलं. मतदान कोणी केलं नाही, मतं मात्र सगळ्यांनी मांडली.

भाच्याला हव्या होत्या अंधारात चमकणाऱ्या लेन, डीजे आणि शेजारी गेम झोन. वहिनीला पार्किंग. काकांना 'रेट काय, आणि जीएसटी धरून की सोडून' याचं उत्तर. मावशीने चष्मा वर करून एवढंच विचारलं, "तिथे बसायला काय आहे गं?"

सगळे हसले. खेळायला निघालोय आणि ही बसायचं विचारतेय! पण माझं मत विचाराल तर त्या दिवशी ग्रुपवर झालेल्या सगळ्या चर्चेत कामाचा प्रश्न हाच होता.

हिशोब करून बघा. बोलिंगच्या एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे प्रत्येकाच्या दहा पाळ्या. प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त दोन चेंडू, शेवटच्या फ्रेमला तीन. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला फार तर एकवीस चेंडू. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या पुढे पाय टाकायचा नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंतचं अंतर ६० फूट. आपल्यासारख्यांनी ढकललेला चेंडू रमतगमत गेला तरी तीन-चार सेकंदांत तिथे पोचतो, किंवा त्याआधीच लेनच्या कडेच्या नाल्यात पडतो. म्हणजे अख्ख्या गेममध्ये आपला चेंडू फिरतो तो जेमतेम मिनिट, सव्वा मिनिट. एका लेनवर सहा जण असले तर गेम संपायला तासभर लागतो. उरलेला वेळ आपण काय करतो? बसतो. बोलिंग हा मुख्यतः बसायचा खेळ आहे, मध्येमध्ये उठून चेंडू टाकायची सोय असलेला.

म्हणून जागा निवडताना लेन किती, यापेक्षा बैठक कशी आहे ते आधी बघावं. काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असते, सगळ्यांची तोंडं स्क्रीनकडे, एसटी स्टँडवरच्यासारखी. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर मान वळवावी लागते आणि पलीकडच्याशी बोलायचं तर शेजारच्याच्या अंगावरून. अशी जागा मी फोटो बघूनच बाद करते. बैठक हवी ती समोरासमोर, मध्ये टेबल, आणि लेनकडे पाठ करून बसलेल्यालाही कोणीतरी "अगं, पडल्या, पडल्या!" असं सांगू शकेल एवढी जवळ. आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही, ती फोन करून विचारावी लागते : बैठकीतून लेनकडे जाताना पायऱ्या आहेत का? बऱ्याच ठिकाणी एक-दोन असतात, अंधारात दिसत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या दोन पायऱ्या दर फ्रेमला चढायच्या-उतरायच्या म्हटलं तर पर्वती परवडली.

आणि आवाज. एका मॉलमधल्या जागी आम्ही पूर्वी गेलो होतो. स्पीकर नेमके बैठकीच्या डोक्यावर. मावशीच्या कानातलं यंत्र फक्त ढोल तेवढा पकडायला लागलं. तिने ते शांतपणे काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये टाकली, आणि पुढचे दोन तास जो जे बोलेल त्याला "हो हो, अगदी बरोबर" म्हणत बसली. तेवढ्यात नाशिकच्या भावाने तिच्याकडून गावच्या जमिनीबद्दलही होकार मिळवला, असा आमच्यात एक विनोद आहे. आता आम्ही शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळतो. सुट्टीतली आडदिवसाची दुपार बघायची. तेव्हा गाणी हळू असतात, दरही बहुतेक ठिकाणी उतरलेले असतात, आणि ऑफिसच्या पार्ट्या अजून यायच्या असतात.

दराचं काकांकडे सोपवलेलं असतं. कुठे माणशी, गेमच्या हिशोबाने पैसे घेतात, कुठे अख्खी लेन तासाच्या भाड्याने देतात. चपळ कॉलेजची पोरं असतील तर तासाचं भाडं स्वस्त पडतं. आमच्यासारख्यांना, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक चेंडूआधी फोटो आणि प्रत्येक चेंडूनंतर चर्चा असते त्यांना, गेमचाच दर बरा. काका बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. स्क्रीनवर संगणक गुण मांडत असतो तरी ते बिलाच्या पाठीमागे पेनने वेगळं खातं ठेवतात. त्यांना ते करू द्यावं, कारण गुणांची ही रीत खरोखर खातेवहीला शोभेल अशी आहे. दहाच्या दहा पिना पहिल्याच चेंडूत पडल्या, म्हणजे स्ट्राइक बसला, तर त्या फ्रेमला दहा, अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण. म्हणजे भाच्याने पहिल्या फ्रेमला स्ट्राइक मारला आणि दुसरीत सात आणि दोन पिना पाडल्या, तर पहिल्या फ्रेमचे एकोणीस आणि एकूण अठ्ठावीस. पैसे आज जमा, व्याज पुढच्या दोन हप्त्यांवर, असं काका म्हणतात. सलग बारा स्ट्राइक मारले की पूर्ण ३००. आमच्या घरात शंभरी ओलांडणाऱ्याला रात्रीच्या जेवणात वाढीव श्रीखंड मिळतं, आणि श्रीखंड बहुधा उरतं.

बुटांचं प्रकरण वेगळंच. बोलिंगचे बूट भाड्याने घ्यावे लागतात. शेवटच्या पावलाला पाय किंचित घसरायला हवा म्हणून त्यांचे तळवे गुळगुळीत असतात, आणि बाहेरच्या चपलांची माती-खडी लेनच्या तोंडाशी येऊ नये, हेही असतंच. काउंटरवरचा मुलगा आत फस्सकन फवारा मारून जोडी पुढे सरकवतो. त्या फवाऱ्यावर वहिनीचा काडीचा विश्वास नाही, ती घरूनच सगळ्यांसाठी जाड मोजे घेऊन निघते. यंदा मावशी म्हणाली, "मी बसणारच आहे, मला कशाला बूट?" पण लेनजवळ बसायलाही बूट हवेत असा तिथला नियम निघाला. मग भाची खाली बसली आणि मावशीची साडी घोट्याच्या वर धरून तिने मोजा चढवायला घेतला. तो जोडव्यात अडकला. जोडवी काढायला मावशी तयार नाही, आणि मोजा ताणला तर त्याचा दोरा निघतोय. शेवटी करंगळीशेजारचं बोट दाबून, मोजा एका बाजूने गोळा करून, हळूच वरून सरकवला. एक नंबर मोठा बूट आणला. निळ्या-लाल पट्ट्यांच्या त्या बुटांकडे मावशी जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरे आहेत की. घरी न्यायला मिळतात का?"

चेंडूवर जो नंबर असतो तो पौंडाचा. सहापासून सोळापर्यंत. सोळा नंबरचा चेंडू म्हणजे सव्वासात किलो, दळणाचा भरलेला डबा तीन बोटांत धरून उचलण्यासारखं. सगळ्या पुरुषांना आधी तोच हवा असतो. तिसऱ्या फ्रेमला तो गुपचूप रॅकवर परत जातो आणि दहा नंबरचा गुलाबी चेंडू हातात येतो. जागा निवडताना खरी चौकशी करायची ती हलक्या चेंडूंची. सहा आणि आठ नंबरचे चेंडू बऱ्याच ठिकाणी मोजकेच असतात, आणि शेजारच्या लेनवर कोणाचा वाढदिवस असला की ते तिकडे जमा होतात. नाल्यावर उभे राहणारे बंपर आणि लहान मुलांसाठीचा रॅम्प आहे का, हेही आधीच विचारावं. भाच्याला बंपर म्हणजे अपमान वाटतो. दुसऱ्या गेमला ते "चुकून" चालू राहिले तर मात्र त्याची तक्रार नसते.

लेनवर तेल असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दिसत नाही, पण सुरुवातीचा निम्म्याहून जास्त भाग तेलाने माखलेला असतो आणि पिनांजवळचा कोरडा. जाणकार खेळाडू चेंडूला फिरकी देतात, तो तेलावरून सरळ घसरत जातो आणि कोरड्यावर पोचला की पकड मिळून आत वळतो. सांगलीचा भाऊ क्लबात लेगस्पिन टाकायचा, त्यामुळे ही थिअरी ऐकून त्याला स्फुरण चढलं. आठ पावलांचा रनअप, मनगटाला झटका, आणि तो स्वतः फाउल लाइनच्या पलीकडे. तिकडे तेल. चेंडू नाल्यात गेला, आणि भाऊ उभ्याउभ्या, हात पसरून, अत्यंत सभ्यपणे दोन फूट पुढे गेला. काकांनी बिलामागे शून्य लिहिलं.

हल्ली काही नव्या जागी पिनांच्या डोक्याला दोऱ्या बांधलेल्या असतात. यंत्र दोऱ्या ओढतं आणि पिना लोंबकळत आपल्या जागी येतात. या यंत्राला वीज कमी लागते, देखभालही कमी. कट्टर मंडळी यावर नाक मुरडतात, कारण पडलेली पिन दुसऱ्या पिनेला धडकते तिथे दोरीमुळे फरक पडतो. अमेरिकेतल्या बोलिंग काँग्रेसने, म्हणजे तिथल्या या खेळाच्या नियामक संस्थेने, २०२३ मध्ये दोरीच्या प्रकाराला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून. मला स्वतःला बिनदोरीचं जुनं यंत्र आवडतं. ते मध्येच अडकतं. मग पाठीमागून एक मुलगा येतो, लाइट लागतो, धातूचा खडखडाट होतो, आणि आपल्याला गप्पांना दहा मिनिटं फुकट मिळतात.

ते यंत्र येण्याआधी पिना उभ्या करायला माणसं असत, बहुतेक पोरंच. लुइस हाइन या छायाचित्रकाराने अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढले, त्यांत लेनच्या टोकाला बसून रात्री उशिरापर्यंत पिना रचणारी मुलं आहेत. स्वयंचलित यंत्र लोकांपुढे आलं ते १९४६ मध्ये. आमचे एक मामा परळच्या एका गिरणीत साचे खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते, १९८२ च्या संपानंतर गावी गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग सुरू झालं, तेव्हा भाचरं त्यांना हौसेने दाखवायला घेऊन गेली. मामांनी चेंडूला हात लावला नाही. लेनच्या कडेला उभं राहून पाठीमागच्या यंत्राचा आवाज मात्र ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिसऱ्या नंबरला तेल कमी पडतंय." तासाभराने तिसरी लेन बंद पडली, असं भाचरं सांगतात. मामा यावर काही बोलत नसत.

तर यंदा आम्ही निवडली ती जरा लांबची, जुनी, मोजक्या लेनची जागा. चमकते दिवे नाहीत. सोफे समोरासमोर. बाहेरचं खायला बंदी होती, त्यामुळे मावशीच्या पिशवीतली चकली दारावरच्या गार्डकडे राहिली. आत मिळतात त्या फ्रेंच फ्राइज, आणि त्यांचा मसाला लागलेली बोटं चेंडूच्या भोकात घालणारे लोक मला कुठल्याही लेनवर सहन होत नाहीत.

मावशीने सांगलीच्या जुन्या वाड्याच्या वाटणीची गोष्ट काढली. आजोबांनी कोणाला काय दिलं आणि कोणी काय घेतलं, अशी खास ठेवणीतली. पण ऐन रंगात आली की स्क्रीनवर कोणाचं तरी नाव उजळायचं. ज्याच्या बापाबद्दल चाललंय तोच उठून चेंडू टाकायला जायचा, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात मावशी खालच्या आवाजात खरं काय ते सांगून टाकायची. तो परत येईपर्यंत सगळे पिनांकडे बघून टाळ्या वाजवत असायचे. घरच्या हॉलमध्ये ही गोष्ट अशी सांगताच आली नसती. तिथून कोणी उठत नाही.

उठता येणं ही केवढी सोय आहे, ते आमच्या नाशिकच्या बहिणीला विचारा. वय छत्तीस, लग्न केलेलं नाही, करायचं नाही. दिवाळीत तिला एका जागी बसवलं की प्रश्न येतातच. इथे वहिनीने "मग काय ठरवलंस पुढे?" म्हणून सुरुवात केली, आणि बहीण हसून म्हणाली, "आलेच हं, माझा नंबर आहे." नंबर काकांचा होता. काकांनी तो तिला देऊन टाकला आणि बिलामागे तिच्या नावापुढे एक चेंडू उसना म्हणून नोंदवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे उजवे अंगठे सुजलेले आणि मांड्या धरलेल्या. तेवढ्यात भाच्याने ग्रुपवर पुढच्या वेळची नवी लिंक टाकली : गो-कार्टिंग. फोटो नीट मोठा करून बघितला. एका गाडीत एकच माणूस, डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. मी 'नको' लिहिलं. खाली मावशीचा अंगठा आला, मग काकांचा, मग नाशिकच्या बहिणीचा.