पासवर्डशिवाय एसएसएच: उबंटू सर्व्हरवरचा माझा अनुभव

एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरला सुरक्षितपणे जोडून कमांड चालवण्याची सोय. ती पासवर्डऐवजी किल्लीने वापरायची म्हणून जुन्या लॅपटॉपवर उबंटू सर्व्हर २४.०४ टाकला. इन्स्टॉलरमध्येच ओपनएसएसएच सर्व्हरवर टिक करता येते; राहून गेलं तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे तो मधेच बदलत नाही. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, म्हणून लॉगइनडी.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच=इग्नोर’. फायरवॉल (यूएफडब्ल्यू) चालू करण्याआधी एसएसएचला वाट मोकळी करणारं ‘यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच’. भाड्याच्या दूरच्या सर्व्हरवर हा क्रम उलटा झाला तर आपणच बाहेर.

किल्ली (फाइलींची जोडी: गुप्त आपल्याकडे, सार्वजनिक सर्व्हरवर) रोजच्या मशीनवर बनवली: ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’, पासफ्रेजसह. मग सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर टाकणारं ‘एसएसएच-कॉपी-आयडी’. तरीही पासवर्ड विचारला जात होता. ‘एसएसएच -व्ही’ एवढंच दाखवतं की किल्ली पुढे केली. ती का नाकारली, हे सर्व्हर समोरच्याला सांगत नाही. उत्तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ मध्ये मिळतं: होम फोल्डरवर ग्रुपला लिहायची परवानगी होती. ‘सीएचमॉड जी-डब्ल्यू’ने ती काढली. डॉट-एसएसएच फोल्डरला ७००, त्यातल्या ऑथराइज्ड-कीज फाइलला ६००.

सगळ्यात फसवा भाग पासवर्ड बंद करण्याचा. एसएसएचडी-कॉन्फिग फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी पासवर्ड चालतच होता. या फाइलच्या सुरुवातीलाच एसएसएचडी-कॉन्फिग.डी फोल्डर जोडलेलं असतं, आणि त्यातल्या ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फमध्ये ‘यस’ असतं. बहुतेक प्रोग्रामांत शेवटचं मूल्य चालतं, इथे पहिलं. म्हणून त्याच फोल्डरात ०१ ने सुरू होणारी, आधी वाचली जाणारी वेगळी फाइल केली आणि ‘नो’ तिच्यात लिहिलं. फाइलवर भरवसा ठेवण्यापेक्षा ‘सुडो एसएसएचडी -टी’ (मोठा टी) बघावं, प्रत्यक्षात लागू असलेली मूल्यं तिथे दिसतात. छोट्या टीने नुसत्या चुका तपासल्या जातात. हे सगळं करताना चालू सेशन बंद करू नये. रीस्टार्टने ते तुटत नाही, आणि नवं लॉगिन दुसऱ्या खिडकीतून तपासता येतं.

पोर्ट २२ (एसएसएचचा ठरलेला क्रमांक) बदलायचाच असेल, तर २४.०४ मध्ये तो एसएसएच सर्व्हिस नाही, तर जोडणीची वाट पाहणारं सॉकेट धरून बसतं. ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ करून एसएसएच.सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. पोर्ट बदलल्याने सुरक्षा वाढत नाही, लॉगमधला गोंगाट तेवढा कमी होतो. मी बदलला नाही.

घराबाहेरून यायचं असेल तर आधी राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटते आहे. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरची जोडणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्यावर) वेळ घालवू नये, टेलस्केल (आपली मशीन्स खाजगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम) टाकावं.