खाऱ्या पाण्याच्या गावात भांड्यांचं लिक्विड

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत, व्हिडिओ बघून भांड्यांचं लिक्विड केलं की बहुतेकदा एकच तक्रार ऐकू येते. व्हिडिओत मीठ पडल्याबरोबर लिक्विड मधासारखं घट्ट झालं, आपल्याकडे तेवढंच मीठ घातलं तर पाण्यासारखं पातळ झालं आणि वरून दुधी दिसायला लागलं. मग संशय दुकानदारावर जातो, स्लरीत, म्हणजे लिक्विडच्या मुख्य कच्च्या मालात, भेसळ असेल म्हणून. खरं तर काही मीठ आधीच बादलीत होतं, बोअरच्या पाण्यासोबत आलेलं. दहा किलो लिक्विडमध्ये आठ किलोच्या आसपास पाणीच असतं, आणि व्हिडिओवाल्याचं पाणी वेगळं, आपलं वेगळं.

म्हणून दुकानातल्या बाटलीसारखं लिक्विड करायचं असेल तर आधी बाटली तपासायची आणि मग आपलं पाणी. दोन्ही कामं घरी बऱ्यापैकी होतात. सोनाराच्या दुकानात असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, पीएच पेपर (माल आंबट, म्हणजे ॲसिडी, की कॉस्टिककडे झुकलेला हे रंगावरून दाखवणारा कागद) आणि एक काचेचा कंचा एवढं हाताशी ठेवा.

पहिली तपासणी लिंबाची. चमचाभर लिक्विड पाण्यात कालवून लिंबू पिळा. दही फाटल्यासारखे पांढरे कण आले तर आत साबण आहे. स्वच्छ राहिलं तर सिंथेटिक माल. बाजारातली भांड्यांची लिक्विडं बहुतेक दुसऱ्या प्रकारातली असतात, आणि त्यात मुख्य दोनच गोष्टी असतात: लॅब्सा, ज्याला दुकानात ॲसिड स्लरी म्हणतात, आणि एसएलईएस, तो पांढरट चिकट पेस्ट. लॅब्सा तेल कापतो, पण कॅल्शियमशी पटत नाही. जड पाण्यात त्याचा कॅल्शियमचा क्षार होऊन तो खाली बसतो. एसएलईएस जड पाणी बरंच सोसतो आणि हातालाही सौम्य असतो.

दुसरी तपासणी आटवण्याची. स्टीलच्या वाटीत बरोबर 10 ग्रॅम लिक्विड घ्या, वाटी उकळत्या पाण्याच्या गंजावर ठेवा. वजन दोनदा सारखं येईपर्यंत वाळवा. घाई करून थेट गॅसवर ठेवलं तर माल जळतो आणि आकडा चुकतो. 1.6 ग्रॅम उरलं तर 16 टक्के घन भाग. पण तो सगळा साफ करणारा माल नसतो, त्यात मीठही असतं. उरलेला भाग 50 मिली गरम आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ढवळून गाळा. साफ करणारा माल आणि युरिया विरघळून निघून जातो, मीठ मागे राहतं. ते वाळवून वजन केलं की मिठाचा अंदाज हाती येतो. अल्कोहोल गरम करायचं ते विस्तव पूर्ण बंद करून, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवूनच. त्याची वाफ पेट घेते.

एवढ्यावरून लॅब्सा किती आणि एसएलईएस किती हे वेगळं कळत नाही, सुगंधही कळत नाही. ते प्रयोगशाळेचं काम. पण आपल्याला हुबेहूब नक्कल करायचीच नाही. आपल्या पाण्यात तेवढंच काम करणारं लिक्विड हवंय, आणि त्यासाठी घन भाग, मीठ, पीएच आणि घट्टपणा हे चार आकडे पुरतात. शेवटचे दोन कसे मोजायचे ते पुढे येतं.

आता पाणी. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि दोनच आकडे बघा: एकूण कठीणपणा, म्हणजे पाणी किती जड आहे, आणि टीडीएस, म्हणजे त्यात एकूण क्षार किती विरघळलेत. पिण्याच्या पाण्यासाठी कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलीग्रॅम आणि पर्याय नसेल तेव्हा 600 आहे. लिक्विड करायला 200 सुद्धा जास्तच. टीडीएस 3000 असलेल्या आठ लिटर पाण्यात 24 ग्रॅम क्षार आधीच विरघळलेले असतात. त्यामुळे लिक्विड करायला आरओचं पाणीच घ्या, गावोगावी वीस लिटरची कॅन मिळते. बोअरचंच वापरायचं असेल तर ईडीटीए ही कॅल्शियम बांधणारी पूड घाला: दर 100 मिलीग्रॅम कठीणपणामागे लिटरला 0.37 ग्रॅम डायसोडियम ईडीटीए. 600 कठीणपणाच्या आठ लिटरला साधारण 18 ग्रॅम होतात. ईडीटीएने कॅल्शियम बांधलं जातं, खारटपणा मात्र जात नाही, हे विसरू नका.

दहा किलोसाठी आम्ही हे प्रमाण धरतो. 96 टक्क्यांचा लॅब्सा 600 ग्रॅम, 70 टक्क्यांचा एसएलईएस 800 ग्रॅम, सीएपीबी (फेस टिकवणारा सौम्य माल) 200 ग्रॅम, युरिया 100 ग्रॅम, कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स साधारण 80 ग्रॅम, सीएमआयटी-एमआयटी प्रिझर्व्हेटिव्ह 10 ग्रॅम, लिंबाचा सुगंध 30 ग्रॅम, रंग चिमूटभर, मीठ चाचणीनुसार, बाकी पाणी. पाणी गोडं असलेल्या भागात लॅब्सा 800 आणि एसएलईएस 500 चालतं. तेव्हा कॉस्टिक 105 ग्रॅमच्या आसपास लागतं. कॉस्टिक लॅब्साचं ॲसिड मारायला लागतं आणि हिशेब सोपा आहे: 320 ग्रॅम शुद्ध लॅब्साला 40 ग्रॅम कॉस्टिक, आणि स्लरीत थोडं सल्फ्युरिक ॲसिड असतं म्हणून चार-पाच ग्रॅम वर.

युरिया शेतातल्या पोत्यातला घ्यायचा नाही. तो सगळा निंबोळी तेल चोपडलेला असतो, लिक्विड पिवळट होऊन कडवट वास मारतं. शिवाय अनुदानाचं खत दुसऱ्या कामाला वापरणं गुन्हा आहे. केमिकलच्या दुकानातून टेक्निकल ग्रेड युरियाच आणा.

कॉस्टिकसाठी जर्मनचं भांडं अजिबात नको. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. जाड प्लास्टिकची बादली घ्या, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. पोरं आसपास नकोत. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. अर्धा लिटर थंड पाण्यात 90 ग्रॅम फ्लेक्स थोडे थोडे सोडा, थोडं द्रावण शिल्लक राहिलं तरी चालेल. द्रावण चांगलंच तापतं, निवू द्या. अंगावर उडालं तर लिंबू-व्हिनेगर न लावता वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी मारत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

दुसऱ्या बादलीत चार लिटर पाणी घ्या, ते बोअरचं असेल तर त्यात ईडीटीए विरघळवा. त्यात कॉस्टिकच्या द्रावणाचा तीन चतुर्थांश भाग घाला आणि लाकडी दांड्याने ढवळत लॅब्सा बारीक धारेने सोडा. काळपट स्लरी पाण्यात पडते आणि बघता बघता फिकट पिवळी होते. आता चमचाभर माल नऊ चमचे आरओ पाण्यात घेऊन पीएच पेपर बुडवा. लाल-नारिंगी आला तर उरलेलं कॉस्टिक थोडं थोडं घाला, 7 ते 8 वर थांबा. सगळं कॉस्टिक एकदम ओतणाऱ्याचा पीएच 11-12 वर जातो, आणि मग भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांची सालं निघतात. विकायचा माल असेल तर ही पायरी कधीच अंदाजाने करू नका.

एसएलईएसची गोम वेगळी. 70 टक्क्यांचा पेस्ट थोड्या पाण्यात कालवला तर पातळ न होता उलट दगडासारखा घट्ट जेल होतो, कारण मधल्या प्रमाणात त्याची रचनाच तशी बनते. म्हणून उरलेलं पाणी याच बादलीत घालून त्या भरपूर पाण्यात तो छोट्या गोळ्यांनी टाका, सावकाश ढवळा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी गुठळ्या आपोआप गेलेल्या असतात. मिक्सर किंवा रवी लावली तर नुसता फेस होतो आणि तो बसायला दोन दिवस जातात. नंतर सीएपीबी, युरिया, प्रिझर्व्हेटिव्ह, रंग, शेवटी सुगंध.

मीठ मात्र सगळ्या मालात थेट टाकायचं नाही. 25 ग्रॅम मीठ 75 ग्रॅम पाण्यात विरघळवा. 100 ग्रॅम लिक्विड उंच बारक्या बाटलीत घ्या, कंचा सोडा, तळाला पोचायला किती सेकंद लागतात ते लिहा. मग एक-एक ग्रॅम मिठाचं पाणी घालत दर वेळी तसंच मोजा. आधी सेकंद वाढत जातात, एका ठिकाणी सर्वात जास्त होतात आणि पुढे झपाट्याने कमी होतात. टोकाच्या एक पायरी आधी थांबायचं आणि तेच प्रमाण मोठ्या बादलीला लावायचं. खाऱ्या पाण्यात क्षार आधीच असतात, म्हणून हे टोक लवकर येतं. मीठ पुढे गेलं तर परत काढता येत नाही. बिनमिठाचा नवा माल करून त्यात तो मिसळावा लागतो.

घट्टपणाचा आणि साफ करण्याचा संबंध जवळजवळ नाही. स्वस्त लिक्विडं मिठावर घट्ट केलेली असतात आणि बायकांना तेच दाट म्हणून महाग विकलं जातं, याची खरंच चीड येते. खरी परीक्षा ताटांची. पाच लिटर पाण्यात, आणि ते पाणी ज्या गावात विकणार त्याच गावचं, 5 मिली लिक्विड घाला. प्रत्येक ताटाला एक छोटा चमचा सोयाबीन तेल आणि चिमूटभर बेसन चोळा, तर्रीचं ताट असतं तसं. एक-एक ताट धुवा आणि फेस पूर्ण मरेपर्यंत किती झाली ते मोजा. दुकानातल्या बाटलीवर तेच करा. आपली ताटं कमी भरली तर एसएलईएस 100 ग्रॅमने वाढवा, मिठाला हात लावू नका. मात्र एसएलईएस वाढलं की मिठाचं टोकही सरकतं, म्हणून कंच्याची चाचणी नव्याने करा.

बाटलीत भरण्याआधी एक नमुना रात्रभर फ्रीजमध्ये आणि एक आठवडाभर टिनावर उन्हात ठेवा. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, टिनाखालचं दुकान त्याहून तापतं. थंडीत दुधी झालं तर मीठ जास्त किंवा युरिया कमी. उन्हात पातळ होऊन निवल्यावर परत घट्ट झालं तर काळजी नाही. रंग उडाला तर रंग बदला. कुबट वास आला तर प्रिझर्व्हेटिव्ह विसरलंय किंवा बादली नीट धुतली नव्हती. सोडियम बेंझोएट इथे चालत नाही, त्याला आंबट पीएच लागतो.

बाटली नवी आणि नाव स्वतःचं. कंपनीच्या रिकाम्या बाटलीत भरणं म्हणजे नकली माल. लेबलवर नाव-पत्ता, निव्वळ माप, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन हवाच. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत तर घरच्यासाठीसुद्धा भरू नका. लिंबाच्या वासाचं पिवळं लिक्विड पोराला सरबतच वाटतं.