बावटा आणि एक्क्याण्णवावं स्तोत्र

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, दर गुरुवारी संध्याकाळी मी प्रौढांचा बायबल वर्ग घेतो. बाहेरच्यांना वाटतं, तिथं मोठे धार्मिक वाद रंगत असतील. कसले वाद! निम्मे लोक ‘वचन’ मागायला येतात. घर घेतोय, वचन द्या. मुलीला स्थळ आलंय, वचन द्या. कुणी डोळे मिटून पुस्तक उघडतो आणि बोट पडेल ती ओळ देवाचा हुकूम समजून घरी नेतो. देवळात कौल लावणाऱ्या शेजाऱ्याला हसतात तेही हेच लोक.

ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी वसईच्या बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला होता. वर्ग सुरू होण्याआधीच एक बाय मोबाइल घेऊन आली. “सर, पोराला सांगा काहीतरी. बोट काढतो म्हणतो.” मोबाइलवर सूर्योदयाचं चित्र आणि त्यावर बायबलमधल्या ९१व्या स्तोत्रातली ओळ होती: हजारो पडले तरी तुला काही होणार नाही. पोरगा नुकताच एका रिट्रीटहून, म्हणजे प्रार्थना-शिबिराहून, आला होता. बर्फ भरलेलं, डिझेल भरलेलं, आणि वर हे वचन.

असली चित्रं पाहिली की माझं डोकं फिरतं. वचनांचे आकडे काही वरून आलेले नाहीत. नव्या करारातली आजची वचनांची आकडेवारी रोबेर एत्येन या फ्रेंच मुद्रकानं १५५१ साली घातली. संदर्भ शोधायला सोय झाली आणि तुकडे तोडायलाही. लेखकाला काय म्हणायचं होतं, लेखन कोणत्या प्रकारचं आहे, ते आधी पाहा, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ सालीच सांगितलं. ते रिट्रीटवाल्यांपर्यंत पोचायचं आहे.

पोरगा वर्गात आला, मागे बसला. मी मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढायला लावला. मंदिराच्या शिखरावर येशूला ‘उडी टाक’ म्हणणारा सैतान नेमकं हेच ९१वं स्तोत्र म्हणून दाखवतो. येशू स्तोत्र खोटं ठरवत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं दुसरं वचन शेजारी ठेवतो: देवाची परीक्षा पाहू नकोस. पोरगा म्हणाला, “मी उडी नाय टाकत, धंद्याला जातोय.”

तेवढ्यात त्याचा चुलत आजा, जुना नाखवा, म्हणाला, “सर, ते पौलाच्या जहाजाचं वाचा.” नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय २७. प्रेषित पौलाला कैदी म्हणून जहाजानं रोमला नेतायत. यहुद्यांच्या उपासाचा दिवस उलटून गेलेला, म्हणजे तिकडे जहाजं हाकायचा हंगाम संपत आलेला. पौल सांगतो, निघू नका. त्याच्यावर नेमलेला रोमी अधिकारी, शताधिपती, तांडेलाचं आणि जहाजमालकाचं ऐकतो. मग दक्षिणेचा मंद वारा सुटतो आणि सगळ्यांना वाटतं, जमलं.

“तोच वारा फसवतो,” नाखवा म्हणाले.

पुढचं मी फक्त वाचत गेलो, शिकवलं त्यांनी. मध्यरात्री खोली मोजली तर वीस वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप), थोडं पुढे पंधरा. “जमीन वर येतेय. आता खडक.” मग खलाशी मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात. मागून का? नाखव्यांनी हाताची बोट करून दाखवली. वारा पाठीवर, किनारा पुढे. नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, नांगर टाकला तर बोट गर्रकन फिरते, तोंड वाऱ्याकडे नि पाठ किनाऱ्याकडे. सकाळी पुन्हा वळवताना आडवी सापडली की लाट उलथवते. मागून धरली तर नाळ किनाऱ्याकडेच राहते. उजाडलं की दोर तोडायचे, पुढचं शीड वर, सरळ वाळूवर. चाळिसाव्या वचनात ते अगदी तेच करतात. टीकाग्रंथांत हे मी वाचलं होतं, पण इतकं स्वच्छ नाही. शिवाय कुणी मरणार नाही असं देवदूत सांगून गेल्यावरही पौल खलाशांना होडीतून पळू देत नाही. ते गेले तर तुम्ही वाचणार नाही, म्हणतो.

बोट गेली नाही. माझ्यामुळे नाही, नाखवे हलले नाहीत म्हणून खलाशीही चढले नाहीत.

आणि वादळ वळलं. शेजारच्या बंदरातल्या दोन बोटी बावटा न जुमानता गेल्या होत्या, त्या पापलेट भरून आल्या.

शनिवारी पोरगा दारात. “सर, वचन खरंच होतं. गेलो असतो तर हप्ता सुटला असता.” हप्त्याची गोष्ट तेव्हा कळली. मग म्हणाला, “आणि पौलपण चुकलाच की. तो म्हणाला होता माणसंही जातील. २७६ होते, सगळे वाचले.”

अध्याय त्यानं घरी पुन्हा वाचला होता! इतक्या वर्षांत वर्गात कुणी हे पकडलं नव्हतं. मी सांगितलं, दहाव्या वचनात पौल अनुभवानं बोलतो; त्याआधी त्याचं जहाज तीनदा फुटलं होतं, करिंथकरांना पत्रात त्यानंच लिहिलंय. अभयवचन येतं ते नंतर, सगळी आशा संपल्यावर. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं दोन्ही ठेवलंय, पौलाचा अंदाज झाकला नाही. माणसं वाचली म्हणून तांडेलाचा निर्णय बरोबर ठरत नाही. जहाज गेलं, धान्य गेलं.

“जहाज मालकाचं गेलं,” पोरगा म्हणाला. “पौलाला हप्ता नव्हता.”

यावर मला बोलता आलं नाही. सोमवारी त्याच्याबरोबर पतपेढीत गेलो, हप्ता महिनाभर पुढे ढकलता येतो का विचारायला. ‘बघू’ म्हणालेत.