माउंटच्या कडेवरची हिरवी रेघ

पत्र्याच्या पेटीत चार लांबट प्लास्टिकची मॅगझिनं होती, प्रोजेक्टरला स्लाइड्स भरून लावायची. प्रत्येकात पन्नास घरं, त्यातली निम्म्याहून जास्त रिकामी. बाकीच्या स्लाइड्स, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या फिल्मचे चौकटीत बसवलेले तुकडे, बिस्किटांच्या दोन डब्यांत सुट्या कोंबलेल्या. पेटी आणणारी मुलगी मॉरिशसची, शिकायला पुण्यात आलेली. तिचे आजोबा तिथल्या मराठी कुटुंबातले. १९६०च्या दशकात मॉरिशसमधून अनेक तरुण परिचारक व्हायला इंग्लंडला गेले, त्यांतले ते एक. एप्सम गावाभोवती त्या काळी मनोरुग्णालयांचा एक झुबकाच होता. तिथे शिक्षण, तिथेच नोकरी, सुट्ट्यांत युरोपची भटकंती आणि १९७०च्या दशकात बेटावर परत. परतल्यावर ते घरात पडदा लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विलायत दाखवायचे.

“काका, कुठली आधी न् कुठली नंतर, ते घरात आता कुणालाच माहीत नाही,” ती म्हणाली.

स्लाइड्सचं काम आलं की आम्ही स्कॅनरला आधी हात लावत नाही. पेटी जशी आली तशी तिचे फोटो काढतो: मॅगझिन वरून, घरांचे आकडे दिसतील असं, मग प्रत्येक माउंटची, म्हणजे फिल्मभोवतीच्या चौकटीची, पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा. कडांचे फोटो बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. या पेटीत सगळं उत्तर कडांवर होतं.

माउंट तीन प्रकारचे होते. कोडॅकचे पुठ्ठ्याचे सर्वात जास्त, काही प्लास्टिकचे आणि थोडे काचेचे. पुठ्ठ्याच्या माउंटमधली फिल्म कोडाक्रोम आहे की नाही हे ओळखायला स्लाइड दिव्याखाली तिरकी धरायची. इमल्शनच्या, म्हणजे चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराच्या, बाजूने चित्राच्या कडा किंचित उठावदार, कोरल्यासारख्या दिसल्या, की कोडाक्रोम. ही ओळख आधीच करून घ्यावी लागते, कारण कोडाक्रोम आणि एक्टाक्रोम या कोडॅकच्याच दोन फिल्म, पण त्यांचं म्हातारपण वेगवेगळं असतं. कोडाक्रोममध्ये रंग फिल्ममध्ये नसतात, धुलाईच्या वेळी घातले जातात, आणि अंधारात ठेवली तर ती फिल्म पन्नास-साठ वर्षं रंग धरून राहते. जुन्या एक्टाक्रोममधला निळसर सायन रंग मात्र अंधारातही उडत जातो आणि चित्र तांबूस-जांभळं होतं.

इंग्लंडमध्ये तेव्हा कोडाक्रोमच्या किमतीतच धुलाईचे पैसे धरलेले असत. रोल संपला की तो सोबतच्या पाकिटात घालून हेमल हेम्पस्टेडच्या कोडॅकच्या प्रयोगशाळेकडे टपालाने पाठवायचा. स्लाइड्स माउंटमध्ये बसून घरपोच येत. त्यामुळे माउंटवर छापलेला फ्रेम क्रमांक प्रयोगशाळेचा असतो, माणसाच्या आठवणीतला नव्हे. तो विश्वासाचा. महिना-वर्षाचा शिक्का असेल तर तो धुलाईचा असतो, फोटो काढल्याचा नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायचं. विद्यावेतनावर जगणारा माणूस छत्तीसचा रोल पुरवून पुरवून वापरतो. इथे एकाच रोलमध्ये तिसऱ्या फ्रेमला बर्फ होता आणि तिसाव्या फ्रेमला उघड्या बाह्यांचे सदरे.

मग बुरशी. बेटावरच्या दमट हवेत, तेही काचेच्या माउंटमध्ये ओल कोंडली गेली की जिलेटिनवर जाळं धरतंच. कोकणातल्या घरांतल्या स्लाइड्सचंही हेच होतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: बुरशी लागलेली स्लाइड पाण्याने पुसू नका. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र बोळ्यावर येतं. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणाऱ्या बोळ्यावर दोन थेंब. तेही आधी चित्राच्या चौकटीबाहेरच्या कोपऱ्यावर तपासून, कारण त्या काळच्या बऱ्याच कोडाक्रोमवर लाखेचा पातळ थर असे आणि अल्कोहोलने तो हलतो. काचेच्या माउंटमधून फिल्म बाहेर काढूनच स्कॅन करायची, नाहीतर काच आणि फिल्म जिथे टेकतात तिथे इंद्रधनुषी वर्तुळं येतात. मोकळा झालेला जुना माउंट टाकायचा नाही. त्यावर अक्षर असतं.

कडांचे फोटो पडद्यावर मोठे करून पाहताना हिरव्या शाईचे ठिपके दिसले. प्रत्येक माउंटच्या एकाच कडेवर, पण प्रत्येकावर वेगळ्या जागी. काहींवर एक ठिपका, काहींवर दोन शेजारी-शेजारी, काहींवर तीन, काहींवर चार.

प्रोजेक्टरवाल्या माणसांची ही जुनी रीत आहे. मॅगझिन मनासारखं भरून झालं, की वर आलेल्या कडांवरून पहिल्या स्लाइडच्या डाव्या टोकापासून शेवटच्या स्लाइडच्या उजव्या टोकापर्यंत शाईची एक तिरकी रेघ ओढायची. पुढे कुणी स्लाइड काढून चुकीच्या घरात ठेवली, तर रेघ तुटलेली दिसते. दुसऱ्या मॅगझिनला दोन रेघा, तिसऱ्याला तीन. म्हणजे डब्यात सुट्या पडलेल्या प्रत्येक स्लाइडवर तिचा पत्ता होता.

पत्ता वाचायचं गणितही सोपं निघालं. माउंट ५० मिलिमीटर रुंद, घरं ५०. म्हणजे दर घराला ठिपका जवळपास एक मिलिमीटर सरकतो. व्हर्नियर कॅलिपरने डाव्या कडेपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजलं, की येणारा आकडा हाच घराचा क्रमांक. रेघ हाताने ओढलेली, त्यामुळे एखाद्या घराचा फरक पडतो; तिथे मॅगझिनमध्ये जागेवर राहिलेल्या स्लाइड्सच्या ठिपक्यांशी ताडून पाहायचं. गफलत व्हायची खरी जागा निराळी आहे. प्रोजेक्टर चित्र उलटं करतो, म्हणून स्लाइड मॅगझिनमध्ये डोकं खाली करून ठेवतात. वर दिसणारी कड ही खरं तर चित्राची खालची बाजू. स्लाइड सुलट धरून डावीकडून मोजलं, तर सातव्या घराची स्लाइड चव्वेचाळिसाव्या घरात जाऊन बसते. उभ्या चित्रांत तर रेघ चित्राच्या बाजूला येते. मॅगझिनमध्ये भरताना उजव्या अंगठ्याखाली येणारी खूण माउंटवर असेल, तर तीच आधार धरायची.

दुपारपर्यंत खालून उजेड येणाऱ्या लाइट टेबलवर दोनशेपैकी १९१ घरं भरली. आणि जे समोर आलं त्याने टेबलाभोवतीचे सगळे गप्प होऊन पाहू लागलो.

तो कालक्रम नव्हताच. स्लाइड्स जोडीजोडीने लावल्या होत्या. टेम्सच्या गोदीतल्या क्रेन, त्यानंतर मॉरिशसमधल्या पोर्ट लुईचं बंदर. एप्समच्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीची गर्दी, त्यानंतर पोर्ट लुईच्या शां द मार्सवरची घोड्यांची शर्यत. स्वित्झर्लंडमधलं मॅटरहॉर्न, त्यानंतर माथ्यावर धोंडा तोललेला मॉरिशसचा पीटर बोथ डोंगर. गव्हाचं पिवळं शेत, मग ऊसतोड. जोडीतल्या दोन्ही चित्रांची चौकटही सारखी: क्षितिज तेवढ्याच उंचीवर, कठडा त्याच कोपऱ्यात.

घरच्यांचा समज असा, की मॉरिशसचे फोटो आजोबा जायच्या आधीचे. पडद्यावर पाहणाऱ्यालाही तसंच वाटेल. पण मॅगझिनचा क्रम आणि रोलचा क्रम शेजारी मांडला तेव्हा नेमकं उलट निघालं. इंग्लंडच्या स्लाइड्स आधीच्या, बेटाच्या नंतरच्या. म्हणजे परतल्यावर हा माणूस विलायतेचे फोटो डोक्यात ठेवून स्वतःच्या बेटावर फिरला आणि प्रत्येकाची जोडी शोधत गेला. यातला एकच क्रम आम्ही जपला असता, तर हे कधीच कळलं नसतं.

सर्वात बोलकी जोडी तिसऱ्या मॅगझिनमधली. आधी इंग्लंडच्या हिवाळ्यातलं एक निष्पर्ण झाड. पुढच्या घरात बेटावरचं तसंच ओकंबोकं आंब्याचं झाड, माउंटवर पेन्सिलीने ‘जेर्वेज ७५’. फेब्रुवारी १९७५मध्ये जेर्वेज चक्रीवादळाने मॉरिशसला झोडपलं होतं. बेटावरच्या माणसाच्या लेखी झाडावर एकही पान नसणं म्हणजे वादळ येऊन गेल्याची खूण. आणि इंग्लंड दर वर्षी, कुणाचं काही न मोडता, तसा दिसतो! ही त्याची नोंद आहे आणि ती दोन स्लाइड्सच्या मधल्या जागेत आहे.

रोलचे काळ ठरवताना आम्ही अंदाज लिहीत नाही, पुरावा लिहितो. बोटीच्या प्रवासात सुएझ कालवा आणि पोर्ट सैद आहेत. कालवा जून १९६७मध्ये बंद झाला आणि जून १९७५पर्यंत बंदच होता, म्हणून जाण्याचा प्रवास जून १९६७च्या आधीचा. डर्बीच्या गर्दीत उभ्या गाडीच्या नंबरपाटीच्या शेवटी एफ हे अक्षर आहे. ब्रिटनमध्ये ते ऑगस्ट १९६७पासूनच्या गाड्यांना मिळालं आणि डर्बी असते जूनच्या सुमारास. तेव्हा हा फोटो १९६८ किंवा त्यानंतरचा. रॉटरडॅमच्या युरोमास्ट या मनोऱ्यावर १९७०मध्ये चढवलेला वरचा भाग फोटोत नाही, म्हणून ती सहल त्याआधीची. प्रत्येक तारखेपुढे ‘याच्या आधी’, ‘याच्या नंतर’ असं कारणासकट लिहिलं, की पुढे एखादा नातेवाईक नवी माहिती घेऊन आला तरी कोष्टक मोडत नाही.

रंगाचा प्रश्न एका एक्टाक्रोमने सोडवला. वसतिगृहाच्या खिडकीत टांगलेला मॉरिशसचा चौरंगी झेंडा. १२ मार्च १९६८ला बेट स्वतंत्र झालं तेव्हाच्या सुमाराचा. झेंड्यावर वरून खाली लाल, निळा, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात. स्लाइडवर दिसत होते लाल, जांभळट गुलाबी, पिवळा आणि पुन्हा मळकट पिवळा. कारण सरळ आहे. फिल्मवर निळा बनतो सायन आणि मॅजेंटातून (जांभळट गुलाबी), हिरवा सायन आणि पिवळ्यातून. सायन उडाला की निळ्याचं मॅजेंटा उरतं, हिरव्याचं पिवळं. लाल पट्ट्याला सायन लागतच नाही, म्हणून तो टिकला. म्हणजे चित्रातच रंगपट्टी टांगलेली होती. स्कॅनमधल्या लाल चॅनेलचा आलेख ताणून निळा आणि हिरवा पट्टा ओळखीचा होईपर्यंत आणला, मग तीच दुरुस्ती त्या रोलच्या बाकीच्या फ्रेमना लावली. कापडाचे रंग गावोगाव थोडे वेगळे असतात, तेव्हा ही दुरुस्ती अंदाजेच. पण ती माझ्या आवडीवर नाही, चित्रातल्या वस्तूवर टेकलेली आहे. हीच दुरुस्ती कोडाक्रोमला लावली असती तर मात्र सत्यानाश झाला असता.

कोडाक्रोमची अडचण वेगळी. साध्या प्रोफाइलवर, म्हणजे स्कॅनरने रंग कसे वाचायचे ते सांगणाऱ्या फाइलवर, स्कॅन केली की ती निळसर येते, म्हणून कोडाक्रोमच्याच रंगपट्टीवरून बनवलेलं प्रोफाइल लागतं. धूळ काढणारी इन्फ्रारेडची सोयही तिथे बंद ठेवायची. कोडाक्रोमचा सायन इन्फ्रारेड अडवतो आणि यंत्र गडद सावलीलाच कचरा समजून ती सारवून टाकतं. प्रोफाइल लावल्यावरही हिवाळी संध्याकाळ निळी राहिली तर ती निळी राहू द्यायची. ५००० केल्विनच्या लाइट टेबलवर मूळ स्लाइड शेजारी ठेवून पाहायची; तिथे निळी, तर फाइलमध्येही निळी. आपोआप रंग सुधारणारं बटण त्या माणसाला जाणवलेली थंडी पुसून टाकतं.

प्रकाशातल्या उणिवाही आम्ही तशाच ठेवल्या. कोडाक्रोम दोनची संवेदनशीलता २५. बेटावरच्या लख्ख उन्हात तिला एफ ८ला (एफचा आकडा लहान, तेवढं भिंग जास्त उघडं) १/१२५ सेकंद पुरतो. इंग्लंडच्या दाट ढगाळ दिवशी एफ २.८ला १/६० लागतो, म्हणजे सोळा पट प्रकाश. भिंग तेवढं उघडत नसेल तर शटर लांबवावं लागतं, आणि सुरुवातीच्या रोलमध्ये चालती माणसं पुसट आहेत ती त्यामुळे. पहिला बर्फ करडा आला आहे, कारण प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून मोजतो. पुढच्या हिवाळ्यातला बर्फ पांढरा आहे. तोवर त्यांनी भिंग एक-दीड पायरी जास्त उघडायला शिकून घेतलं असणार.

स्कॅन ४००० डीपीआयवर, १६ बिट टिफ. एका फ्रेमला सुमारे १२८ एमबी, सगळ्या मिळून साधारण साडेचोवीस जीबी. दोन वेगवेगळ्या डिस्क दिल्या. फाइलच्या नावात आधी मॅगझिन आणि घर, मग रोल आणि फ्रेम, म्हणजे एकाच संग्रहातून दोन्ही क्रम लावता येतात. मूळ स्लाइड्स आम्लरहित खोक्यात, सिलिका जेलसह, हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राहील अशा कपाटात ठेवायला सांगितलं. मॉरिशसमध्ये तळमजल्यावर नको, समुद्राकडच्या भिंतीला तर नकोच.

नऊ घरं रिकामी आहेत. पडद्यावर दाखवायच्या संचात त्या जागी आम्ही काळी चौकट ठेवली आणि शेजारच्या जोडीदारावरून काय हरवलं असेल ते यादीत लिहून दिलं: दुसऱ्या मॅगझिनच्या बत्तिसाव्या घराआधी लंडनचा मासळीबाजार आहे, तेव्हा बहुधा बेटावरचा मासळीबाजार, चौथ्याच्या अकराव्या घरानंतर बेटावरची गणपती विसर्जनाची मिरवणूक आहे, तेव्हा त्याआधी विलायतेतली एखादी मिरवणूक. मॉरिशसमधल्या क्युरपिप आणि व्हाक्वाच्या नातेवाइकांकडे जुन्या स्लाइड्स निघाल्या, तर माउंट डोकं खाली करून धरायचा, कडेवरचे हिरवे ठिपके मोजायचे, डावीकडून मिलिमीटर मोजायचे आणि ते आकडे फोनवर कळवायचे, हे मुलीने वहीत उतरवून घेतलं आहे.